लांब पल्ल्याचं काडतूस

ऑक्टोबर लागला की चँडलरमध्ये शेणाचा वास सुटतो. बाहेरून आलेल्या माणसाला हे पटत नाही. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातलं गाव, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव, गुळगुळीत रस्ते, आणि हवेत गोठ्याचा वास. पण उन्हाळ्यात जळून गेलेली हिरवळ लोक याच दिवसांत खरवडून काढतात, तिच्यावर हिवाळी गवताचं बी टाकतात आणि वरून शेणखत पसरतात. एका घराने सुरुवात केली की शेजारच्याला राहवत नाही, आणि आठवड्याभरात सगळी आळी दरवळायला लागते. नेमके याच दिवसांत एसी बंद होतात आणि उन्हाळाभर घट्ट लावून घेतलेल्या खिडक्या उघडतात, त्यामुळे वास कुणाची परवानगी न घेता घरात येतो.

सुरुवातीची बरीच वर्षं मला हा वास आवडायचा. मी मिरजेजवळच्या खेड्यातली. सकाळी खिडकी उघडायची, खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, चला, अमेरिकेला एकदाची अक्कल आली. आता वास आला की मी खिडकी लावून घेते. कारण २००६ च्या ऑक्टोबरात याच वासात आमच्या जेवणाच्या टेबलावर काडतुसं उभी असायची. पितळेची, माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडी लांब, टोकाला तांबूस गोळी. डाव्या हाताला सेव्हन मॅग्नम, मधोमध थ्री हंड्रेड मॅग्नम, आणि उजवीकडे थ्री थर्टी एट, जिला पाहूनच खांदा दुखायला लागावा अशी जाडजूड. मुकुंद त्यांच्यासमोर बसलेला असायचा. माझी पोळी तव्यावर फुगायची, आणि पाठीमागून विचारणा व्हायची, "विभा, सेव्हन की थ्री हंड्रेड?"

मुकुंद माझा नवरा. लग्नानंतर वर्षभर मी त्याला 'अहो' म्हणत होते, मग अमेरिकेत आधी उत्तरेकडच्या थंड भागात आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फात गाडी अडकली. ढकलताना 'अहो, जोर लावा' म्हणायला वेळ नव्हता. तेव्हापासून तो मुकुंद झाला. आता नाही तो. २००८ च्या वसंतात गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत कुणाला ताटकळत ठेवण्याची माझी इच्छा नाही. आम्ही दोघं ताटकळलो तेवढं पुरे.

शिकार हा आमच्या घराण्यातला प्रकार नव्हे. मुकुंदच्या घरी झुरळ दिसलं तरी कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. पण कारखान्यात त्याच्या शेजारी डेल बसायचा. उंच, लालबुंद, बोलण्यात संथ, वडिलांच्या बरोबर लहानपणापासून डोंगर तुडवलेला माणूस. चौदा-पंधरा वर्षं एकाच इमारतीत नोकरी करून मुकुंदला शनिवारी घरी बोलावणारा पहिला अमेरिकन माणूस म्हणजे डेल. बोलावलं कशाला, तर बंदुकीचा नेम धरायला. मुकुंद गेला तो सहजच, आणि आला तो वेगळाच होऊन. त्याचा नेम चांगला होता. हे त्याला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आपल्याला काय काय येतं हे माणसाला कुणी आणून हातात दिल्याशिवाय कळतच नाही.

मग हरणं झाली, एक रानडुक्कर झालं. आमच्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्याखाली हरणाचा खिमा असायचा. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांत कुजबूज व्हायची. गणपतीच्या मखराला मुकुंदच दरवर्षी दिवे लावून द्यायचा, त्यामुळे तोंडावर कुणी बोलायचं नाही.

पण एल्क वेगळं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. घोड्याएवढं धूड, डोक्यावर झाडाच्या वाळक्या फांद्यांसारखी शिंगं. एका सप्टेंबरात डेल त्याला उत्तरेकडच्या पाइनच्या जंगलात नुसताच फिरायला घेऊन गेला होता. पहाटे धुक्यात एक नर ओरडला. आधी खालच्या पट्टीत, मग चढत चढत शिट्टीसारखा, आणि शेवटी उचकी लागल्यासारखे हुंकार. मुकुंद घरी आला तो हीच नक्कल करत. आंघोळ करताना करायचा, गाडी चालवताना करायचा. आमची सई तेव्हा शाळेत होती, ती मैत्रिणींसमोर लाजून मेली. "बाबा, प्लीज, नॉट इन द कारपूल." तो म्हणायचा, "एकदा. फक्त एकदा मला त्याच्यासमोर जायचंय." का, ते त्याला सांगता यायचं नाही. मीही विचारलं नाही. नवऱ्याला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटते आहे हे बघण्यातही एक सुख असतं.

अ‍ॅरिझोनात एल्क मारायचं तर सरकारी सोडतीत नंबर लागावा लागतो. एक परवाना, एक जनावर, तुमच्याच नावाने, दुसऱ्याला देता येत नाही. वर्षानुवर्षं अर्ज करावा लागतो आणि एकदा नंबर लागला की तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटीला. मुकुंद इमानेइतबारे अर्ज करत राहिला. २००६ च्या वसंतात त्याचा नंबर लागला. नोव्हेंबरअखेरचा मोसम, नर एल्क. पाकीट उघडून तो स्वयंपाकघरात मधोमध उभा राहिला आणि त्याने ती शिट्टी घातली. शिट्टी अर्ध्यात तुटली. तोंडातून हवाच नीट बाहेर येईना. आम्ही हसलो. त्याच महिन्यात त्याच्या उजव्या हातातून चहाचे कप निसटायला लागले होते, त्यालाही आम्ही हसायचो. मी म्हणायचे, म्हातारा झालास.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी नाव सांगितलं. एएलएस. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, गिळणं जातं, श्वास जातो. डोकं तेवढं शाबूत राहतं, सगळं बघायला. औषध असं नाही. डॉक्टर चांगला होता, त्याने आमच्यासमोर पाण्याचे ग्लास ठेवले आणि आम्ही ते न पिता उठलो. बाहेर पार्किंग लॉटमध्ये भट्टी पेटलेली. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. एसी सुरू करून आम्ही दारं उघडी ठेवून उभे राहिलो, जुलैत सगळेच राहतात तसे. मला काहीतरी बोलायचं होतं. काय ते आठवत नाही. मुकुंदने गाडीच्या टपावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "डेलची जुनी रायफल नाही चालणार. लांब पल्ल्याची घ्यावी लागेल. मॅग्नम. सेव्हन घ्यावी की थ्री हंड्रेड?"

मला त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. राग गाडीत बसेपर्यंत टिकला. मग मला कळलं की लांब पल्ल्याची का.

एल्कची शिकार म्हणजे चालणं. बंदूक शेवटच्या क्षणाला लागते, बाकी सगळं पायांचं काम. डोंगर चढायचे, घळीत उतरायचं, वाऱ्याकडे तोंड करून सरकत सरकत जवळ जायचं. डेल सांगायचा, चांगला शिकारी जनावराच्या इतकं जवळ जातो की साधी रायफलही पुरते. मुकुंदला नोव्हेंबरात चालता येईल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. जवळ जाता येणार नव्हतं. म्हणून गोळी लांब जायला हवी होती. एका टेकडीवर बसायचं आणि समोरच्या टेकडीवरचं जनावर टिपायचं. त्याच्या पायांनी जे व्हायचं नव्हतं ते त्याला काडतुसाकडून करून घ्यायचं होतं.

आणि हे कुणाला सांगायचं नव्हतं. त्याची आई मिरजेला होती, ऐंशीच्या घरात. तिला सांगायचं नाही. सई त्याच उन्हाळ्याच्या शेवटी पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला गेली होती. तिचं पहिलं सेमिस्टर होऊ दे. कारखान्यात कळलं तर कामं काढून घेतील. मंडळात कळलं तर रोज डबे येतील आणि डब्यांबरोबर माणसं येतील. "झाकली मूठ सव्वा लाखाची, विभा," तो म्हणायचा. आपली सवयच ही. आपल्याकडे कॅन्सर झालेला माणूस शेवटच्या आठवड्यापर्यंत 'जरा अशक्तपणा आहे' म्हणून पडून असतो, आणि घरचे दारात उभे राहून पाहुण्यांना 'बाकी उत्तम' सांगत असतात. माझ्या माहेरीही हेच. त्यामुळे मला ते वावगं वाटलं नाही. डेललासुद्धा आम्ही मानेची नस दबली आहे म्हणून सांगितलं. डेलने विश्वास ठेवला. त्याच्याही मानेची नस दबलेली होती, त्याने व्यायाम शिकवले.

मग सुरू झाला तो मोसम. लोकांच्या घरी अशा वेळी काय चालतं मला माहीत नाही. आमच्याकडे काडतुसांवर चर्चा चालायची. मुकुंद इंजिनिअर, त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला. आडवी काडतुसं, उभे गुण. गोळीचं वजन, वेग, दोनशे यार्डांवर ताकद किती, चारशेवर किती, पाचशेवर किती, गोळी किती खाली येते, आडव्या वाऱ्यात किती वाहवते. प्रत्येक गुणाला भारांक. कारखान्यात नवं मशीन घेताना हे लोक असेच तक्ते करतात. शनिवारी संध्याकाळी डेल यायचा, आम्ही मागच्या अंगणात बसायचो. शेजाऱ्याच्या शेणखताचा वास, माझी कांदाभजी, डेलची बिअर.

"सेव्हनची गोळी बारीक, लांब. वारा कमी लागतो," मुकुंद म्हणायचा.

"एल्कला वाऱ्याचं काय, त्याला हाडं असतात," डेल म्हणायचा. "खांद्याचं हाड फोडून आत जायला वजन लागतं. थ्री हंड्रेड घे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तीच वापरली."

"थ्री थर्टी एट?"

"अस्वलं मारायचीत का?" डेल हसायचा. मुकुंद त्याच्या तोंडात 'मॅक' झाला होता. मग जरा थांबून तो दर शनिवारी तेच म्हणायचा, "मॅक, तू पाचशे यार्डांचा विचारच कशाला करतोस? आपण जवळ जाऊ ना. मी नेतो तुला जवळ."

मुकुंद माझ्याकडे बघायचा नाही आणि मी भजी तळायला आत जायचे. डेल एकदा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "याला माझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हटलं, "तो तसाच आहे. त्याला सगळं स्पेसिफिकेशनमध्ये लागतं." डेलला ते पटलं. हिंदुस्थानी इंजिनिअरांविषयी हे कुणालाही पटतं.

शेवटी थ्री हंड्रेड आली. तक्त्यात सेव्हन जिंकली होती, थोडक्याने. पण मुकुंद म्हणाला, जखमी होऊन पळालं तर मला त्याच्यामागे जाता येणार नाही. पडलं तर जागच्या जागी पडायला हवं. एवढं बोलून त्याने तक्ता बंद केला. एक गोळी, एक जागा, दुसरी संधी नाही. मी हे ऐकत पोळ्या लाटत होते आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आणि मॅग्नम म्हणजे धक्का. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्या जोराने दस्ता खांद्यात घुसतो. आठवड्यातून एकदा मी त्याला वाळवंटातल्या नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जायचे. टेबल, वाळूच्या पिशव्या, समोर कागदी ठिपके, मागे निवडुंगाच्या टेकड्या. प्रत्येक गोळीला तो खुर्चीसकट मागे सरकायचा. घरी येऊन शर्ट काढला की खांदा काळानिळा. मी आंबेहळद उगाळून लावायचे. दोन-चार दिवसांत निळं हिरवं व्हायचं, हिरवं पिवळं, आणि मग कातडी पुन्हा गव्हाळ. रोज सकाळी मी तो खांदा बघायचे. त्या सबंध वर्षात त्याच्या अंगावरचं बरं होणारं दुखणं तेवढं एकच होतं. मला त्याची इतकी सवय लागली की डाग जात आला की मीच विचारायचे, "जायचं का रेंजवर?"

नोव्हेंबर लागेपर्यंत नेम सुरेख बसायला लागला होता. ठिपक्यावर ठिपका. चाप ओढताना त्याचा जबडा आवळला जायचा हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, धक्क्याच्या भीतीने.

सईचे फोन रविवारी यायचे. "आई, बाबा ओके आहेत ना? ही साउंड्स वीअर्ड. लाइक, स्लीपी."

"शिकारीचं वेड लागलंय. झोपतच नाही नीट."

"अजून बुलेट डिसाइड नाही झाली?"

"झाली. थ्री हंड्रेड."

"थँक गॉड," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मुकुंद म्हणाला, "चांगलं सांगितलंस." आम्ही दोघंही थोडा वेळ स्वतःवर खूश होतो. ही आमची हुशारी.

आता या सगळ्याचा काय उपयोग? माझ्या डोक्यात अजून ते आकडे आहेत. जॉर्जियात अल्फारेटाला जावेच्या घरी गेले होते, तिथे एक पोरगेलासा डॉक्टर काडतुसांविषयी काहीबाही फेकत होता. मी त्याला सेव्हन आणि थ्री हंड्रेडमधला फरक सांगितला, वाऱ्यासकट. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक साठीची बाई, हातात वरणाची वाटी. जाऊबाई म्हणाल्या, "अगं तुला किती माहिती." हो, आहे. जे कळायला हवं होतं ते सोडून सगळं माहीत आहे.

नोव्हेंबरात आम्ही तिघं गेलो. चँडलरहून निघालं की निवडुंग मागे पडतो, रस्ता चढत जातो आणि अचानक पाइनचं जंगल सुरू होतं. थंडी इतकी की नाकपुड्या चिकटाव्यात. डेलने तंबू ठोकला, शेगडी लावली. मुकुंदच्या जॅकेटची बटणं मी तंबूच्या आत लावून द्यायचे, डेल बाहेर कॉफी करत असताना. बुटांच्या नाड्याही. बाहेर पडताना तो दोन्ही हात खिशात घालायचा. मी बरोबर कशाला आले याचं डेलला नवल वाटत होतं. मी म्हटलं, मला जंगल बघायचंय. आयुष्यात मी जंगलात हौसेने गेलेली नाही.

दुसऱ्या सकाळी डेलने ट्रक एका कड्याजवळ नेला. तिथून थोडंच चालायचं होतं, तरी मुकुंद दोनदा दम घ्यायला थांबला. मान दुखते म्हणाला. समोर रुंद घळ, पलीकडे उतार, उतारावर उन्हाचा पट्टा. आम्ही पालथे झोपलो. जमिनीवर पाइनच्या सुया आणि त्यावर हिमाची पूड. बराच वेळ काहीच नव्हतं. मग डेलने माझ्या बाहीला हात लावला आणि दुर्बीण पुढे केली.

तो उन्हात उभा होता. मानेवर गडद आयाळ, अंग पिवळसर, शिंगं मागे पाठीपर्यंत. तोंडातून वाफ येत होती. मी आधी चित्रं पाहिली होती, फ्रीझरमध्ये मांस पाहिलं होतं. हे मला माहीत नव्हतं. एका क्षणात मला कळलं की मुकुंद इतकी वर्षं कशासाठी अर्ज भरत होता. समजावून सांगता आलं नसतं, त्यालाही नाही आणि मलाही नाही.

"लांब आहे," डेल कुजबुजला. "साडेचारशेच्या वर. घळीतून खाली उतरलो तर निम्मं अंतर कमी होईल. वारा आपल्या बाजूने आहे."

"इथूनच," मुकुंद म्हणाला.

डेलने पलीकडच्या झाडांचे शेंडे न्याहाळले. "वारा पडलाय," तो शेवटी म्हणाला. "मॅक, तू कागदावर मारतोस ते मी पाहिलंय. तुझं तू ठरव."

मुकुंदने रायफल वाळूच्या छोट्या गोणीवर टेकवली, हातमोजा दातांनी ओढून काढला, गाल दस्त्याला लावला. एल्क आडवा उभा होता, कुणी सांगून उभा केल्यासारखा. मी दुर्बीण खाली ठेवली आणि दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. डोळेही मिटले. थ्री हंड्रेडचा आवाज छातीत लागतो. मी थांबले. आता, आता, असं करत थांबले. कानांवर हात असल्याने माझंच रक्त मला ऐकू येत होतं. आवाज आला नाही.

मी डोळे उघडले. मुकुंदचा जबडा आवळलेला होता, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्याची तर्जनी चापावर होती. ती थरथरत होती आणि चाप जागचा हलत नव्हता. त्याने मधलं बोट लावून पाहिलं, तर पकड सुटली आणि नळी हलली. पुन्हा तर्जनी लावली. पाचशे यार्डांवर हाड फोडण्याची ताकद त्या नळीत होती, आणि तिला सोडायला जेवढी लागते तेवढी त्या बोटात नव्हती. थंडीने उरलीसुरली पण गेली होती. तक्त्यात हा रकाना आम्ही घातला नव्हता.

"विभा," तो मराठीत म्हणाला, अगदी हळू, डोळा रायफलच्या दुर्बिणीवरून न काढता. "बोट चालत नाहीये."

एवढ्या महिन्यांत त्या आजाराविषयी तो पहिल्यांदाच सरळ बोलला. डेल माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, फार लांब आहे," मी इंग्रजीत सांगितलं. "नको म्हणतोय."

मी हे का म्हणाले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. विचार करण्यासारखं काही नाही त्यात. सवय. दारात उभं राहून 'बाकी उत्तम' म्हणायची सवय.

डेलने श्वास सोडला. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने मुकुंदच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गुड कॉल, मॅक. शंभरात एकालाही जमत नाही हे." पलीकडे एल्कने मान वळवली, आमच्या दिशेने बघितलं असं मला वाटलं, आणि तो सावकाश चालत झाडांत गेला. पळाला नाही. पळायचं कारणच नव्हतं.

मोसमाचे पुढचे दोन दिवस आम्ही त्याच कड्यावर बसलो. काही आलं नाही. आलं असतं तरी काय, हे आम्हा दोघांना माहीत होतं. डेलला नव्हतं. तो बिचारा मोठ्या उत्साहाने दुर्बीण फिरवत होता आणि त्याच्यासाठी आम्ही दोघं बसून राहिलो.

परतताना ट्रकमध्ये डेल खुशीत होता. आता पुढच्या वेळी काय काय करायचं ते सांगत होता. पुन्हा नंबर लागायला कित्येक वर्षं लागतील, पण लागेलच. मुकुंद मध्ये बसला होता, हात मांड्यांखाली दाबून, आणि 'हो, हो' म्हणत होता. "एक मात्र करायचं," डेल म्हणाला. "काल रात्री तुझी रायफल पुसताना चाप ओढून पाहिला मी. बापरे, केवढा जड. कारखान्यातून असेच येतात. मला आधी बोलला असतास तर तुझ्या टेबलावरच हलका करून दिला असता. एक बारीकसा स्क्रू असतो. नुसतं बोट टेकवलं की सुटतो मग."

मुकुंद याही वेळी 'हो, हो' म्हणाला. रस्ता उतरत होता, पाइन संपले होते, निवडुंग दिसायला लागला होता. मी खिडकीला डोकं टेकलं. आम्ही त्या माणसाला भजी वाढली होती, मानेचे व्यायाम शिकून घेतले होते, मॅग्नमच्या तीन जातींवर त्याच्याशी दर शनिवारी वाद घातला होता. एवढंच सांगितलं नव्हतं की हाताला जोर नाही. सांगितलं असतं तर त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला असता. बस्स. आजार बरा झाला नसता. बोट चापावर नुसतं टेकलं असतं.

नाताळात सई आली आणि तिला दारातच कळलं. तिने आम्हाला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मिरजेच्या आईंना शेवटपर्यंत सांगितलं नाही, मुलगा गेल्यावरच सांगितलं. फोनवर नुसता रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. डेलला मार्चमध्ये मुकुंदनेच सांगितलं, तोवर बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागत होता. डेल नंतर रोज यायचा. त्याला खुर्चीतून उचलायचा, दाढी करून द्यायचा. त्या सकाळविषयी त्याने एकदाही विचारलं नाही. माझ्या मते त्याने दोन गोष्टी कधी जोडल्याच नाहीत. चांगल्या माणसांना अशा गोष्टी जोडता येत नाहीत.

शोकसभा आमच्या वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये झाली. मंडळाचे सगळे आले होते, कारखान्यातले आले होते. डेल कोट घालून उभा राहिला. कोट त्याला लहान होत होता. त्याने तीच गोष्ट सांगितली. कडा, ऊन, आडवा उभा असलेला नर. मोठमोठे शिकारी जिथे मोह आवरू शकत नाहीत तिथे मुकुंदने बंदूक खाली ठेवली, कारण अंतर जास्त होतं आणि त्याला ते जनावर जखमी होऊन तडफडायला नको होतं. एवढा सभ्य माणूस मी पाहिला नाही, डेल म्हणाला, आणि खाली बसला. लोक रडले. मीही रडले.

मग प्रधान काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटत म्हणाल्या, "बघ हं विभा, इतकी वर्षं बंदूक घेऊन हिंडला, पण ऐन वेळी त्याच्याच्याने झालं नाही. दया आली. शेवटी आपले संस्कार."

मी मान हलवली. हो म्हटलं. दया आली नव्हती, काकू. त्याला ते जनावर मारायचं होतं, घरी आणायचं होतं, आणि शेवटच्या दिवशीही त्याला ते तितकंच हवं होतं.